गाठीचे भविष्य : एका भाकिताचा इतिहास

मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचे पुढचे सारे लिहून जाते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. त्या रात्री बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चाल पुष्कळ घरांतून आजही पाळली जाते. सटवाईच्या अक्षराची मौज अशी, की ते लिहिलेले असते एवढे सर्वांना ठाऊक. वाचता मात्र कोणालाच येत नाही. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो या समजुतीपासून वाटतो तितका दूर नाही. एखाद्याच्या फुफ्फुसातील कर्करोगाची गाठ शस्त्रवैद्याने कापून काढली. त्या गाठीच्या पेशींत कोणती जनुके जागी आहेत आणि कोणती निजलेली आहेत हे मोजून, तो मनुष्य पाच वर्षांनी आपल्यात असेल की नसेल हे सांगता येईल काय? हे अक्षर वाचण्याचा उद्योग जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी गेली पंचवीस वर्षे चालविला आहे. त्यात काही हाती लागले, पुष्कळसे निसटले, आणि एकदा तर मोठी फसगत झाली. त्या उद्योगाची हकीकत आज सांगावी, असा आमचा विचार आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. इतिहासाचे विद्यार्थी आहोत. पण भाकितांविषयी इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष कुतूहल असते. भाकीत करणारा पुढे पाहतो. आम्ही मागाहून येऊन त्याचे बोलणे खरे ठरले की खोटे ते ताडून पाहतो. आणि गोसीखुर्दच्या परिसरातील माणसांना भाकीत म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. येथे वैनगंगेवर जे धरण उभे आहे त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते बसली. खर्चाचा प्रारंभीचा अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता; तो पुढे १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले, येथील तेहतीसच्या तेहतीस दरवाजे उघडावे लागले, आणि भंडाऱ्यापासून खाली गडचिरोलीपर्यंत गावोगाव पाणी शिरले. वरून पाणी येत आहे हे कळणे वेगळे. किती येईल आणि कोणाच्या दारात येईल हे कळणे वेगळे. आणि कळल्यावर वेळेवर नाव मिळणे त्याहून वेगळे. या तीन गोष्टी आपण सर्वांनी ध्यानात ठेवाव्या. आजच्या विषयात त्या पुन्हा पुन्हा भेटणार आहेत.

दुसरे एक कारण या भूमीशी अधिक निकटचे आहे. वसंत सरत आला की आपल्या रानांतून तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होतो. पहाटे बायामाणसे पाने तोडायला जातात, जुड्या बांधतात, आणि तीच पाने पुढे विडीच्या कारखान्याकडे जातात. भंडारा जिल्ह्यात आणि १९९९ मध्ये त्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या घरे चालविली. या विडीवर आपली पोटे भरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्या धुराने जी फुफ्फुसे जळाली त्यांचाही हिशेब कोठेतरी मांडला पाहिजे. मुंबईत नोतानी व संघवी यांनी १९७४ मध्ये आणि जस्सावाला व जैन यांनी १९७९ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पान गुंडाळलेली विडी ही कागदी सिगारेटपेक्षा निरुपद्रवी असते, ही भाबडी समजूत त्या अभ्यासांपुढे टिकली नाही.

आता मूळ विषयाकडे वळू. आजार ओळखणे हे वैद्याचे पहिले काम, आणि तो बरा होईल की नाही हे सांगणे हे दुसरे. आपल्या आयुर्वेदाने या दुसऱ्या कामाला साध्यासाध्यविचार असे नाव दिले आणि रोगांचे साध्य, कष्टसाध्य, याप्य व असाध्य असे वर्ग पाडले. याप्य म्हणजे जो बरा होत नाही पण औषधाने आवरून धरता येतो. चरकसंहितेतील इंद्रियस्थान हा सबंध भाग मृत्यूची पूर्वचिन्हे कशी ओळखावी यालाच वाहिलेला आहे. आणि सुश्रुताने आपल्या निदानस्थानात अर्बुदाचे, म्हणजे मांसल गाठीचे, वर्णन केले आहे. तात्पर्य, गाठ पाहून रोग्याचे पुढे काय होईल ते सांगावे, ही हौस काल-परवाची नव्हे.

आधुनिक वैद्यकाने या हौसेला मोजमापाची शिस्त लावली. फ्रान्समधील पिएर दन्वा यांनी १९४३ पासून पुढच्या दहा वर्षांत एक पद्धत बसविली. गाठ केवढी आहे, ती शेजारच्या लसिका-ग्रंथींत पोहोचली आहे काय, आणि दूरच्या अवयवांत पसरली आहे काय, अशा तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून रोगाची पायरी ठरवायची. आज कोणत्याही कर्करोग रुग्णालयात 'पहिली स्टेज', 'चौथी स्टेज' हे जे शब्द कानांवर पडतात, त्यांचे मूळ येथे आहे. ही पद्धत उपयोगी आहे आणि अजून चालू आहे. तथापि तिच्यात एक मोठी फट आहे. फुफ्फुसाचा कर्करोग अगदी पहिल्या पायरीवर सापडला, शस्त्रक्रियेने गाठ समूळ निघाली, तरी अशा शंभरांतील वीस-तीस जणांचा रोग पुढे उलटतो. कोणाचा उलटणार? दन्वांच्या पद्धतीला ते सांगता येत नाही.

या फटीचे एक विलक्षण उदाहरण इतिहासाने आपल्यासाठी जपून ठेवले आहे. १९३३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील सेंट लुइस येथे एव्हर्ट्स ग्रॅहम या शस्त्रवैद्याने कर्करोगाने ग्रासलेले एका रोग्याचे सबंध फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढले. असा यशस्वी प्रयोग तो पहिलाच. रोगी स्वतः डॉक्टर होता. त्या काळी या रोगाचा अर्थ मरण असाच होता. पण तो रोगी त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगला. पुढे १९५० मध्ये ग्रॅहम यांनी आपला तरुण सहकारी अर्न्स्ट विंडर याच्यासह धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनीही तेच दाखविले. ग्रॅहम स्वतः दीर्घकाळ सिगारेट ओढीत असत. १९५७ मध्ये ते फुफ्फुसाच्याच कर्करोगाने वारले, आणि त्यांचा रोगी त्यांच्यामागे राहिला. १९३३ साली त्या शस्त्रक्रियागृहात उभे राहून यांतले काय कोणाला सांगता आले असते?

जनुकांचा प्रवेश या कथेत येथे होतो. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची तीच पोथी असते आणि तिच्यात सुमारे वीस हजार जनुके लिहिलेली असतात. फुफ्फुसाच्या पेशीत जी पोथी, तीच यकृताच्या पेशीत. मग फुफ्फुस हे फुफ्फुस आणि यकृत हे यकृत कशाने? तर पोथी एक असली तरी प्रत्येक ठिकाणी वाचली जाणारी पाने निरनिराळी असतात. जे पान वाचले जाते त्याची नक्कल आरएनए नावाच्या रेणूत उतरते आणि त्या नकलेवरून प्रथिने घडतात. कोणत्या पानाच्या किती नकला निघाल्या, हे मोजणे म्हणजे जनुकांची अभिव्यक्ती मोजणे. आपण असे समजा की नदीच्या पलीकडे वीस हजार घरांचे एक नगर आहे आणि आपण रात्री अलीकडच्या काठावर उभे आहोत. घरांत शिरता येत नाही. पण कोणत्या घरात दिवा आहे, कोणता मंद आहे, कोणता भगभगतो आहे, हे येथून दिसते. तेवढ्यावरून नगरात लग्न आहे की मर्तिक याचा तर्क करायचा आहे.

पूर्वी एका वेळी एकच घर पाहता येई. १९९५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक ब्राउन आणि त्यांचे सहकारी यांनी एक युक्ती काढली. काचेच्या पट्टीवर निरनिराळ्या जनुकांच्या डीएनएचे बारीक ठिपके ओळीने मांडायचे. पेशींतील आरएनएच्या नकला करून त्यांना चकाकणारा रंग द्यायचा आणि ते पाणी पट्टीवरून सोडायचे. प्रत्येक नक्कल आपल्या जोडीदार ठिपक्याला जाऊन चिकटते. मग ठिपक्यांची चकाकी मोजली की सगळे दिवे एकदम दिसतात. या पट्टीला मायक्रोॲरे म्हणतात. पहिल्या प्रयोगात एका रानटी रोपट्याची अवघी ४५ जनुके होती. चारच वर्षांत ही संख्या हजारांवर गेली. १९९९ मध्ये टॉड गोलब व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या ३८ रोग्यांच्या अस्थिमज्जेतील ६,८१७ जनुके मोजली आणि केवळ त्या आकड्यांवरून रोगाचे दोन प्रकार एकमेकांपासून वेगळे काढून दाखविले. सूक्ष्मदर्शकाला डोळा न लावता रोग ओळखला गेला, ही बातमी वैद्यकाच्या जगात दुमदुमली.

फुफ्फुसाची पाळी लगेच आली. २००१ मध्ये भट्टाचार्जी आणि सहकाऱ्यांनी बोस्टन येथे फुफ्फुसाच्या १८६ गाठी आणि निरोगी फुफ्फुसाचे १७ तुकडे तपासले. सूक्ष्मदर्शकाखाली एकसारख्या दिसणाऱ्या गाठींचे जनुकांच्या दिव्यांवरून निरनिराळे पोटवर्ग पडतात, आणि त्या वर्गांतील रोग्यांचे आयुष्यमानही सारखे नसते, असे त्यांना आढळले. २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठातील डेव्हिड बीअर यांच्या मंडळीने ८६ रोग्यांच्या गाठींवरून ५० जनुकांचा एक निर्देशांक तयार केला. ज्यांचा निर्देशांक वाईट, त्यांचा रोग पहिल्या पायरीवरचा असला तरी ते लवकर दगावण्याचा संभव अधिक, असे त्यांचे म्हणणे. दन्वांच्या पद्धतीतील फट आता बुजणार, असे सर्वांना वाटू लागले.

ही आशा नुसत्या कुतूहलाची नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा जालीम औषधे, म्हणजे केमोथेरपी, द्यावी की न द्यावी, हा प्रश्न डॉक्टरांपुढे होता. १,८६७ रोग्यांवर झालेल्या एका आंतरराष्ट्रीय परीक्षेचे फळ २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या शंभरांत, न घेणाऱ्यांच्या मानाने, पाच वर्षांनी चारच माणसे अधिक जिवंत होती. चार माणसे ही काही थोडी नव्हेत. त्यांच्या घरी विचारून पाहावे. पण उरलेल्यांपैकी कित्येकजण औषधावाचूनही जगले असते, कित्येकजण औषध घेऊनही गेले. ओकाऱ्या, अशक्तता, झडलेले केस आणि विकलेले शेत एवढे मात्र सर्वांच्या वाट्याला आले. ती चार माणसे आधी ओळखता आली तर? सारा अट्टाहास यासाठी होता.

आणि नेमके येथेच पाऊल घसरले. का, ते समजून घेणे अवघड नाही. समजा, गेल्या वीस वर्षांतील वैनगंगेचे पूर आपल्यापुढे मांडले आहेत आणि जिल्ह्यातील बारा हजार घरांत त्या-त्या वर्षी काय काय घडले याची वहीही आपल्याजवळ आहे. वही चाळू लागलो तर असे एखादे घर सापडेलच, की ज्या ज्या वर्षी पूर आला त्या त्या वर्षी तेथली म्हैस व्याली. एक नव्हे, अशी पन्नास घरे सापडतील. म्हणून पुढल्या वर्षी त्या म्हशीकडे पाहून कोणी गाव उठवील काय? रोगी शंभराच्या आत आणि जनुके हजारोंनी, अशी स्थिती असली की योगायोगाने जुळलेल्या जोड्या खऱ्या संबंधांसारख्याच दिसतात. त्यांची कसोटी एकच : ज्या रोग्यांवरून यादी केली ते सोडून अगदी नव्या रोग्यांवर ती लावून पाहायची. ही कसोटी पुष्कळांनी नीट लावली नाही. परिणाम असा झाला की एका प्रयोगशाळेच्या यादीतील जनुके दुसऱ्या प्रयोगशाळेच्या यादीत क्वचितच भेटत.

२००६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून अनिल पोट्टी, जोसेफ नेव्हिन्स आणि त्यांचे सहकारी यांचा एक निबंध अतिशय मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात आला. पहिल्या पायरीवरच्या फुफ्फुस-कर्करोगात कोणाचा रोग उलटेल हे जनुकांवरून सांगता येते, असा त्यात दावा होता. त्याच गटाने कोणत्या रोग्याला कोणते औषध लागू पडेल हेही जनुकांवरून सांगण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तिच्या आधारे प्रत्यक्ष रोग्यांना औषधे नेमून देणाऱ्या परीक्षाही सुरू झाल्या. ह्यूस्टनच्या कर्करोग संस्थेतील कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स हे दोघे संख्याशास्त्रज्ञ ती रीत आपल्या डॉक्टरांसाठी पडताळून पाहू लागले. आकडे जुळेनात. त्यांनी चिकाटीने एकेक ओळ तपासली, तेव्हा असे दिसले की जनुकांच्या याद्या एका ओळीने खाली सरकलेल्या आहेत. वाण्याच्या खतावणीत नाव गणपतचे आणि बाकी मारुतीची, असा प्रकार! काही ठिकाणी तर औषधाला दाद देणाऱ्या आणि न देणाऱ्या पेशींवरच्या चिठ्ठ्याच उलट लागलेल्या होत्या. याचा अर्थ, ज्या औषधाचा उपयोग होणार नाही नेमके तेच रोग्याच्या वाट्याला यावे. त्यांनी २००९ मध्ये हे सर्व छापून प्रसिद्ध केले. तरीही परीक्षा तात्काळ बंद पडल्या नाहीत. २०१० मध्ये पोट्टी यांनी आपल्या पात्रतेविषयी खोटी माहिती दिल्याचे बाहेर आले, मगच चक्रे फिरली. त्या वर्षाच्या अखेरीस परीक्षा थांबल्या, २०११ मध्ये फुफ्फुसाविषयीचा तो निबंध मागे घेतला गेला, आणि २०१५ मध्ये अमेरिकी शासनाच्या चौकशी कार्यालयाने पोट्टी यांच्यावर संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका ठेवला.

श्रोतेहो, या प्रकरणात आम्हांस सर्वांत अधिक खटकते ते हे, की हिशेबातली चूक दाखवून देणारे एका बाजूला लेख लिहीत होते आणि दुसऱ्या बाजूला रोगी विश्वासाने दंड पुढे करून औषध टोचून घेत होते. भविष्य सांगणाऱ्या जोशाचा पंचांगाचा घोळ झाला तर फार तर मुहूर्त चुकतो. येथे माणसे होती.

शहाणपण या प्रकरणाच्या आधीच येऊ लागले होते. २००८ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील अनेक संस्थांनी मिळून ४४२ गाठींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. यात निरनिराळ्या गटांनी आपापल्या रीती आधी बांधून दिल्या आणि मग न पाहिलेल्या रोग्यांवर त्या लावून पाहिल्या. निष्कर्ष नम्र होता. जनुकांवरून काही प्रमाणात भाकीत करता येते. पण रोगाची पायरी, वय अशा साध्या गोष्टी त्यात मिळविल्या म्हणजे ते बहुधा अधिक चांगले होते. म्हणजे दन्वांना निवृत्त करण्याची वेळ आली नव्हती. २०१० मध्ये सुब्रमणियन आणि रिचर्ड सायमन यांनी तोवरचे सोळा अभ्यास बारकाईने तपासले. रोग्याच्या उपचारात वापरण्याजोगी एकही यादी त्यांना त्यांत सापडली नाही. २०१२ मध्ये चौदा जनुकांची एक चाचणी कॅलिफोर्नियातील ४३३ आणि चीनमधील १,००६ रोग्यांवर पडताळून प्रसिद्ध झाली. तरीही फुफ्फुसाच्या बाबतीत अशा चाचण्या सर्रास व्यवहारात आल्या नाहीत. स्तनाच्या कर्करोगात मात्र हा मार्ग सफल झाला. तेथे एकवीस जनुकांच्या चाचणीची परीक्षा दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झाली, आणि मधल्या गुणांकाच्या बहुसंख्य स्त्रियांना केमोथेरपीची गरज नाही, हे २०१८ मध्ये सिद्ध झाले. रीत मुळातच खोटी नव्हती, हे यावरून कळते. कसोटीला लागणारा धीर एका ठिकाणी दाखविला गेला आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, हे एक कारण; आणि फुफ्फुसाची गाठ अधिक मायावी, हे दुसरे.

ती मायावी कशी, ते लंडनमधील चार्ल्स स्वॉन्टन यांच्या मंडळीने दाखविले. त्यांनी एकाच गाठीचे निरनिराळ्या जागचे तुकडे घेऊन तपासले. पहिल्या शंभर रोग्यांचा वृत्तांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच गाठीत पेशींची निरनिराळी घराणी नांदत असतात. म्हणून एका कोपऱ्यातील तुकडा घेतला तर भविष्य चांगले निघते आणि दुसऱ्या कोपऱ्यातील घेतला तर वाईट. आपल्या वैनगंगेला बाघ, बावनथडी, सूर, कन्हान अशा कितीतरी नद्या येऊन मिळतात. एकट्या सूर नदीवर काठी रोवून गोसीखुर्दला किती पाणी येईल हे सांगू पाहणाऱ्याची जी गत, तीच जुन्या यादीकारांची झाली होती. २०१९ मध्ये या मंडळीने तेवीस जनुकांची नवी यादी दिली. ती निवडताना त्यांनी एक पथ्य पाळले : गाठीच्या कोणत्याही कोपऱ्यात पाहिले तरी ज्यांचा दिवा सारखाच दिसतो, तीच जनुके घ्यायची. हे पाऊल आम्हांस फार समंजस वाटते.

आता आपल्या घरचा इतिहास. मुंबईच्या परळ भागात टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकरांची दृष्टी अशी, की कर्करोग हा पेशीत होतो खरा, पण त्याचे धागे माणसाच्या चालीरीतींत गुंतलेले असतात. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई यांच्यासह एक निबंध लिहिला. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा, खैनी धरणाऱ्यांच्या ओठाचा, आणि घट्ट धोतर-लुगड्याच्या काच्याने कंबरेवर होणारा, असे तीन कर्करोग त्यांनी भारतीय सवयींशी जोडून दाखविले. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली आणि १९६६ नंतर संस्थेचे संचालकपदही सांभाळले. १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली देशातील पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. १९८० मध्ये तशीच नोंद नागपुरातही होऊ लागली. नोंदवही हा शब्द रुक्ष वाटतो. पण ज्याची नोंद नाही त्याचे भाकीत करता येत नाही, हे आम्हां इतिहासवाल्यांना पक्के ठाऊक आहे.

या परंपरेचे फळ आपल्या काळात असे आले. २००४ मध्ये अमेरिकेत असे आढळले की फुफ्फुसाच्या काही गाठींत ईजीएफआर नावाच्या जनुकात एक विशिष्ट बिघाड असतो आणि अशा रोग्यांना जेफिटिनिब ही गोळी उत्तम लागू पडते. हा बिघाड अक्षराचा. आतापर्यंत सांगितलेला प्रकार दिव्याच्या उजेडाचा. दोन्हींतला हा भेद विसरू नये. आपल्या लोकांत त्याचे प्रमाण काय? टाटा रुग्णालयातील अनुराधा चौगुले, कुमार प्रभाष, अमित दत्त आदींनी ९०७ भारतीय रोग्यांच्या गाठी तपासून २०१३ मध्ये उत्तर दिले : शेकडा २३. युरोपीय वंशाच्या लोकांत ते याहून कमी, आणि चीन-जपानकडे पुष्कळ अधिक. परक्या देशाचा आकडा उचलून आपल्या माणसाचे भविष्य सांगू नये, याचा यापरता पुरावा कोणता हवा? पुढे डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष व सहकाऱ्यांनी असा बिघाड असलेल्या ३५० रोग्यांवर परीक्षा करून गोळीच्या जोडीला केमोथेरपी देऊन पाहिली. रोग आवरून राहण्याचा मध्यम काळ आठ महिन्यांवरून सोळांवर गेला. चरकाच्या भाषेत बोलायचे तर असाध्य रोग याप्य होऊ लागला. अलीकडे गाठीवरील पीडी-एल-१ या एका प्रथिनाची मात्रा मोजून शरीराची प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे द्यावी की नाही हेही ठरविले जाते. म्हणजे अभिव्यक्ती मोजण्याची कल्पना वाया गेली नाही. शेकडो जनुकांची कुंडली मांडण्याऐवजी, ज्या एका खुणेवर काही करता येते तिच्याकडे पाहण्याचा तिने धडा घेतला.

येथे आम्हांस मघाच्या तीन गोष्टी आठवतात. पाणी येत आहे हे दन्वांची पायरी सांगते. कोणाच्या दारात येईल हे सांगण्याचा यत्न जनुकांच्या याद्या करीत आहेत. तो अजून पुरा झालेला नाही. तिसरी गोष्ट नावेची. जे भाकीत ऐकून काही करता येते ते पुराच्या इशाऱ्यासारखे, आणि जे ऐकून नुसते हात चोळीत बसायचे ते सटवाईच्या लेखासारखे. गाठीत ईजीएफआरचा बिघाड आहे असे कळले तर औषध आहे. 'तुमची जनुके वाईट आहेत, तुम्ही लवकर जाल' एवढेच कळले, तर त्या माणसाने ते घेऊन काय करावे?

आमच्या ओळखीच्या एका घरी हा प्रसंग आम्ही पाहिला आहे. खोकला महिनोन्‌महिने क्षयाचा म्हणून अंगावर काढलेला. नागपूरला नेईपर्यंत रोग चौथ्या पायरीवर. घरचे लोक बाहेर बाकावर बसून एकच विचारीत होते, "किती दिवस?" डॉक्टर शहाणे होते. ते म्हणाले, आकडा शंभर माणसांचा असतो, तो एका माणसाला लावता येत नाही; पण यांना काय देता येईल ते आधी पाहू. त्या उत्तराने त्या घराला आकड्यापेक्षा अधिक धीर दिला. जनुकांच्या याद्या कितीही बारीक झाल्या तरी त्यांतून निघणारा आकडा असा अनेकांचाच असणार, आणि समोर बसलेला रोगी एकटा असणार.

आणखी एक बोलून थांबतो. या सबंध उद्योगात सर्वांत जुने, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरे ठरलेले भाकीत कोणत्याही पट्टीवरच्या ठिपक्यांनी केलेले नाही. ते १९५० मध्ये ग्रॅहम, विंडर, डॉल आणि हिल यांनी केले : जो ओढील त्याला धोका अधिक, आणि पुढच्या वर्षांत दिसून आले की जो सोडील त्याचा धोका उतरत जातो. टाटा रुग्णालयात येणाऱ्या फुफ्फुस-कर्करोगाच्या रोग्यांत सुमारे निम्मे कधीही न ओढलेले असतात, हेही खरे. त्यांच्यासाठी जनुकांचा शोध चालूच राहिला पाहिजे, आणि त्या शोधात आपल्या माणसांच्या गाठी, आपल्या नोंदी, आपली विडी यांचा हिशेब असला पाहिजे. पण उरलेल्या निम्म्यांचे भविष्य सटवाईने लिहिलेले नाही. त्यांतले पुष्कळसे आपल्याच खिशातल्या कट्ट्यात आहे आणि तो खाली ठेवता येतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ खोकला टिकला, थुंकीत रक्त दिसले, तर तेंदूपत्त्याचा हंगाम संपण्याची वाट न पाहता तपासून घ्यावे, एवढे तरी आजच्या व्याख्यानातून आपण घरी न्यावे, अशी आमची विनंती आहे. पाणी चढू लागले हे काठावरच्या माणसालाच आधी दिसते.